जोडा ते रेंक ते पुढे: शरणार्थी वाहतूक सेवा. गाडीला चार स्टार, कारभाराला अडीच

पहिलंच सांगतो, या सेवेला तिकीट नाही, ॲप नाही, आणि ज्यांनी प्रवास केला ते स्टार द्यायला कधी परत येत नाहीत. स्टार देतात पैसे देणारे देश, आणि ते काही ट्रकच्या फळीवर बसलेले नसतात. म्हणून मी लिहितोय. मी तिकडे, म्हणजे दक्षिण सुदानात, लॉजिस्टिकच्या कामाला कंत्राटावर होतो, प्रवासी नव्हतो, त्यामुळे हा धक्क्यावर उभं राहून यादी तपासणाऱ्याचा रिव्ह्यू आहे एवढं लक्षात ठेवून वाचा. कुठल्या संस्थेचं किंवा ठेकेदाराचं नाव घेणार नाही, या मार्गावर बरेच जण आहेत आणि दोष वाटून घेण्याइतके सगळ्यांचेच आहेत.

मार्ग कुठला ते आधी. 15 एप्रिल 2023 ला खार्तूममध्ये सुदानचं लष्कर आणि आरएसएफ नावाचं निमलष्करी दल यांच्यात जुंपली आणि लोक दक्षिणेकडे पळायला लागले. दक्षिण सुदानच्या सीमेवर जोडा नावाचं ठाणं आहे, तिथून गाडीने रेंक गावाच्या ट्रान्झिट सेंटरला, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या जागी, आणि रेंकहून पुढे दोन फाटे. जे मूळचे दक्षिण सुदानचेच, म्हणजे 2011 ला देश वेगळा झाला तरी खार्तूमलाच राहिलेले किंवा नंतर तिकडे गेलेले, ते बार्जने, म्हणजे सपाट तराफ्याने, पांढऱ्या नाईलवरून मलाकालला आणि तिथून आपापल्या गावाकडे. जे सुदानी नागरिक, म्हणजे कागदोपत्री शरणार्थी, ते रस्त्याने माबानच्या छावण्यांत, डोरो, बातिल, जेंद्रासा, काया या त्यांची नावं. जानेवारी 2025 पर्यंत सुदानमधून दक्षिण सुदानात आलेल्यांचा आकडा दहा लाखांच्या वर गेला होता आणि त्यातले बहुतेक याच जोडा-रेंक भागातून आले, तेव्हा ही काही छोटीमोठी शटल सर्व्हिस नाहीये.

पहिला टप्पा, जोडा ते रेंक, यावर फार लिहिण्यासारखं नाही. जमलं तर बस, नाहीतर ट्रक, उघडा, वर ऊन. धूळ इतकी की उतरताना सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे. पण गाड्या येतात, रोज येतात, म्हातारी माणसं आणि बायका-पोरांना आधी घेतात, ड्रायव्हर लोक चांगले आहेत. डिसेंबर 2024 मध्ये सीमेपलीकडे लढाई जवळ आली आणि दिवसाला पाच हजारांच्या वर माणसं यायला लागली तेव्हा मात्र गाड्या पुरल्या नाहीत, लोक गाढवाच्या गाड्यांवर आले, चालत आले. ते मी सेवेचा दोष म्हणून धरत नाही, एवढ्या लोंढ्याला कुठलीच सेवा पुरत नाही.

खरा प्रवास सुरू होतो रेंकला आणि तो म्हणजे थांबणं. सेंटर बांधलंय काही हजार माणसांसाठी आणि दोन-चार दिवस राहून पुढे जावं या हिशोबाने, पण बार्ज मिळत नाही, रस्ता बंद असतो, इंधन आलेलं नसतं, आणि मग लोक आतल्या शेडमध्ये मावेनासे झाले की कुंपणाबाहेर काठ्या आणि चादरी उभ्या करून राहतात. गर्दी झाली की रोग आलाच, 2023 ला गोवर झाला, आणि 28 ऑक्टोबर 2024 ला दक्षिण सुदानने जी कॉलऱ्याची साथ जाहीर केली ती रेंकपासूनच. रिपोर्ट वाचलात तर "इतके लोक पुढे पाठवले" एवढंच दिसेल, पण ते पाठवले जाण्याआधी किती दिवस तिथे बसून होते हा कॉलम मी ज्या कागदांवर काम केलं त्यात तरी नव्हता. माझ्या मते सेवेला मार्क द्यायचे तर याच कॉलमवर द्यावेत.

आता लोडिंग. हे जरा सविस्तर सांगतो कारण सेवा चांगली का वाईट ते इथे ठरतं, इंजिनमध्ये नाही. आदल्या दिवशी मॅनिफेस्ट निघतो, म्हणजे कुटुंबप्रमुखाचं नाव, घरात माणसं किती, जायचं कुठे, कुणाला काय आजार. सकाळी मेडिकलवाले बघतात की माणूस प्रवास झेपेल असा आहे का. ताप, अंगावर पुरळ, जुलाब, दिवस भरत आलेली बाई, यांना थांबवतात. लहान पोरांच्या दंडाला कुपोषण मोजायची ती तीन रंगांची पट्टी गुंडाळतात, 115 मिलिमीटरच्या खाली म्हणजे लाल भागात गेली की पोर आधी उपचाराला, गाडीत नाही. मग मनगटाला बँड, मग मेगाफोनवरून नावं. आणि नावांची गंमत अशी की अरबीतलं नाव इंग्रजी लिपीत उतरवताना एकच मोहम्मद चार टेबलांवर चार स्पेलिंगने बसतो, बापाचं नाव एका यादीत पुढे तर दुसऱ्या यादीत मागे, त्यामुळे पुकारा झाला तरी समोरचा माणूस उठतच नाही, कारण जे नाव पुकारलं ते त्याचं आहे हे त्याला कळलेलंच नसतं.

एक दिवस ट्रक भरलेला, मागची फळी लावायची बाकी, आणि आजी मेडिकलमध्ये अडकली. बीपी. म्हणजे ती आज जाणार नाही. ठेकेदाराचा माणूस म्हणाला बाकीच्यांना जाऊ द्या, म्हातारी पुढच्या खेपेला येईल. आजीची मुलगी उभी राहिली, काही बोलली नाही, वरून एकेक गाठोडं खाली द्यायला लागली. सहा पोरं उतरली, पातेलं उतरलं, गादी उतरली, आणि सहा पोरं एक आई अशा सात सीट रिकाम्या झाल्या म्हणून तो माणूस चिडला कारण त्याचं बिल डोक्यांवर निघतं. आमच्या सुपरवायझर ताईंनी त्याला सरळ सांगितलं, रिकामा जाऊ दे. या एका गोष्टीसाठी मी त्या टीमला पाच स्टार देईन. कारण हा नियम, की घर एकत्र जाणार नसेल तर घर थांबेल, हा कुणाच्या मनाच्या चांगुलपणातून आलेला नाहीये, तो मार खाऊन शिकलेला आहे. 1999 च्या एप्रिलच्या सुरुवातीला कोसोवोतून पळालेले हजारो लोक मॅसेडोनियाच्या सीमेवर ब्लात्से इथल्या चिखलात अडकले होते, आणि तिथल्या सरकारने एका रात्रीत बसेस लावून ते मैदान रिकामं केलं. कोण छावणीत गेला, कोण अल्बानियात, कोण थेट तुर्कस्तानात, यादी धड नाही, आई एका बसमध्ये पोर दुसऱ्या. वाहतूक म्हणून बघाल तर जबरदस्त कामगिरी, सकाळी मैदान मोकळं. पण माणसं जोडायला नंतर किती खटाटोप करावा लागला असेल ते विचारा.

सामानाबद्दल. हा सगळ्यात मोठा भांडणाचा मुद्दा आणि इथे मी सेवेला एकच स्टार देतो. लोक खार्तूमहून येताना जे उचलता आलं ते घेऊन आलेत, लोखंडी पलंग, फ्रीज, शिलाई मशीन, खुर्च्या, दरवाजेसुद्धा. नवख्या माणसाला हसू येतं की युद्धातून पळताना फ्रीज कशाला, पण अहो ते त्यांचं बँक खातं आहे, पुढे विकून दोन महिने खायचंय. नियम म्हणतो माणसी अमुक एवढंच वजन. मग बाकीचं सामान वेगळ्या ट्रकने किंवा पुढच्या बार्जने, आणि ते "पुढचं" कधी ते कुणालाच माहीत नाही, म्हणून घरातला एक पोरगा सामानाजवळ मागे राहतो, म्हणजे ज्या घराला एकत्र न्यायचं म्हणून एवढी कसरत केली ते पलंगापायी तुटतं! आणि हे कुठल्याच फॉर्मवर येत नाही कारण त्याने "स्वखुशीने" मागे राहायचं ठरवलेलं असतं. गाठोड्यांवर खडूने नंबर टाकायचे आणि एका पावसात ते धुऊन जायचे, हे तर मी स्वतः बघितलंय. सामानाची वेगळी यादी, वेगळी पावती, आणि त्याच दिवशी त्याच ठिकाणी पोच, एवढं केलं तर निम्मी भांडणं संपतील, आणि यात रॉकेट सायन्स काही नाही.

बार्जचा प्रवास दोन-तीन दिवसांचा. सपाट लोखंडी तराफे, वर ताडपत्री, ढकलायला मागे बोट. सावली असेल तर बरं, नसेल तर दुपारी पत्रा असा तापतो की पाय टेकवत नाही. संडासाची सोय ही सगळ्यात दुबळी बाजू, आडोसा नावाला, आणि बायका त्यामुळे पाणी कमी पितात, मग उतरेपर्यंत डोकं दुखणं आणि चक्कर. पाणी कमी पडत नाही हो, पितच नाहीत, आणि हे पुरुष इंजिनियरला नकाशात दिसत नाही. लाइफ जॅकेट होती, लहान पोरांच्या मापाची मोजकी. स्वयंपाक वर करू देत नाहीत ते बरोबरच आहे. रात्री मात्र वारा चांगला असतो आणि कुणीतरी गात असतं, झोप लागते.

माबानचा रस्ता कोरड्या दिवसांत ठीक, पाऊस लागला की विषय संपला. तिकडे काळी माती आहे, कपाशीची जमीन असते ना तशीच, भिजली की चाकाला गोळे धरून बसते आणि ट्रक जागचा हलत नाही. साधारण मे ते ऑक्टोबर हाच खेळ. मागे मेकॅनिकची गाडी, पुढे एस्कॉर्ट, मध्ये ॲम्ब्युलन्स, ताफ्याची रचना अगदी पुस्तकातली, पण चिखलाने पुस्तक वाचलेलं नाही. कुणी विचारेल की मग एवढं लांब नेताच कशाला, सीमेजवळ राहू द्या की. तर छावणी सीमेपासून निदान 50 किलोमीटर आत असावी असा संयुक्त राष्ट्रांच्या शरणार्थी संस्थेचा जुना दंडक आहे, कारण अगदी सीमेवर वस्ती ठेवली की पलीकडचे बंदूकवाले रात्रीत येऊन जातात, पोरांची भरती करतात, धान्य उचलतात. कारण पटतं. पण लोकांना सीमेजवळच राहायचं असतं, मागे कुणीतरी राहिलेलं असतं, शेत बघायचं असतं, नवरा येणार असतो. हे दोन्ही खरं आहे आणि त्यावर गोड तोडगा मला तरी दिसलेला नाही.

म्हणूनच सगळ्यात जास्त राग मला माहितीवरून येतो. माणूस ट्रकमध्ये बसतो तेव्हा त्याला छावणीचं नाव माहीत असतं, पण तिथे शाळा आहे का, बाहेर कामाला जाता येतं का, फोनला रेंज येते का, आवडलं नाही तर परत फिरता येईल का, हे विचारलं तर उत्तर येतं "तिथे गेल्यावर सांगतील". आणि तिथे गेल्यावर सांगतात की हे रेंकलाच विचारायचं होतं! बांगलादेशाने 4 डिसेंबर 2020 ला म्यानमारमधून पळून आलेले 1,642 रोहिंग्या पहिल्या खेपेत नौदलाच्या जहाजांनी भासान चर बेटावर नेले तेव्हा सगळा वाद याच प्रश्नावर होता. घरं पक्की होती, जहाजं व्यवस्थित होती, पण लोकांना नीट कळवून, त्यांच्या मर्जीने नेलंय का, आणि समुद्रातल्या गाळाच्या बेटावरून त्यांना परत येता येईल का. संयुक्त राष्ट्रांनी तिथल्या कामासाठी करार केला तो ऑक्टोबर 2021 ला, म्हणजे माणसं आधी पोचली आणि कागद नंतर. रेंकची गोष्ट तेवढी वाईट नाही, जबरदस्ती मी बघितली नाही. पण नीट न सांगता घेतलेला होकार आणि खरा होकार यात फरक आहे की नाही? अरबी बोलणारी दोन पोरं फक्त प्रश्नांची उत्तरं द्यायला बसवली होती काही दिवस, त्या दिवसांत पुकारल्यावर न उठणारे लोक कमी झाले, नंतर त्या पोरांचं बजेट गेलं.

पोचल्यावरचं थोडक्यात. अंधार पडायच्या आत पोचवणं हा नियम बहुतेक वेळा पाळतात, गरम जेवण मिळतं, चटई-बादली-ताडपत्रीचा संच मिळतो. कागदावर माणसी दिवसाला 15 लिटर पाणी आणि छावणीत रस्ते, शाळा, दवाखाने सगळं धरून माणसी 45 चौरस मीटर जागा असं आंतरराष्ट्रीय माप आहे. गर्दीच्या महिन्यांत ते माप कागदावरच राहतं. पण हा छावणीचा रिव्ह्यू नाही, वाहतुकीचा आहे, तर तिकडे जास्त जात नाही.

एक गोष्ट वाहतुकीच्या बाजूने पण सांगायला हवी. शरणार्थ्यांची ने-आण हे काम आयओएम म्हणजे स्थलांतर संस्था 1951 पासून करतेय, तिचा जन्मच दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या बेघर लोकांना जहाजांनी हलवायला झाला. 2002 ला केनियात सुमारे 12 हजार सोमाली बांटू लोकांना दादाबच्या छावणीतून काकुमाच्या छावणीत, म्हणजे देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, बसने नेलं होतं. म्हणजे हे कसं करायचं ते माहीत आहे, शोधायचं काही उरलेलं नाही. उरतो पैसा. 2025 ला अमेरिकेने हात आखडता घेतल्यावर जगभर कात्री लागली, आणि अशा वेळी पहिली कात्री लागते ती ज्याचा फोटो निघत नाही त्यावर, म्हणजे उत्तरं देणारी पोरं, सामानाचा जादा ट्रक, बार्जवरचा आडोसा.

तर गाड्या आणि ड्रायव्हरला चार, मेडिकल तपासणीला साडेचार, सामानाला एक, माहितीला दीड, थांबण्याला शून्य द्यावंसं वाटतं पण तिथे काम करणाऱ्यांकडे बघून एक देतो. वरचे अडीच कसे निघाले विचारू नका. कुणी या कामाला जाणार असाल तर दोन गोष्टी बरोबर न्या, पाण्याने न जाणाऱ्या मार्करचा अख्खा डबा आणि अरबी नावं अरबीतच लिहिता येणारा माणूस. दुसरं मिळालं नाही तर निदान ठेकेदाराचं बिल डोक्यांवर न काढता पूर्ण पोचलेल्या कुटुंबांवर काढा असं टेंडरमध्ये घालायला लावा, त्यासाठी मी तीनदा मेल केला होता, उत्तर अजून यायचंय.