सांगवी फाटा ते मुकाई चौक बीआरटी: लेन बसचीच राहू द्या

पाचपैकी चार तारे. पिंपरी-चिंचवडमधला हा बीआरटी मार्ग, म्हणजे बससाठी वेगळी लेन असलेला रस्ता, सप्टेंबर 2015 मध्ये सुरू झाला. मी ऑफिसला जाताना जगताप डेअरीला चढते आणि डांगे चौकात उतरते. संध्याकाळी शेजारच्या रस्त्यावर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, तेव्हा आमची बस सरळ पुढे जाते. तेवढ्यासाठी मी स्कूटी घरी ठेवते.

मला सगळ्यात आवडतं ते स्थानक. रस्त्याच्या मधोमध उंच फलाट, बसचं दार उजव्या बाजूला, दोन्ही एका पातळीत. गुडघे दुखणाऱ्या माझ्या सासूबाई इथे कुणाचा हात न धरता चढतात.

पण त्यासाठी बस फलाटाला घासून लागावी लागते, आणि इथेच बाइकवाले घात करतात. परवा बस येत असताना दोघं पुढे घुसले आणि सिग्नलसाठी फलाटाजवळच थांबले. ड्रायव्हरने बस तिरकी उभी केली. दार आणि फलाट यांत चांगली वीतभर फट. एक आजी पिशवी छातीशी धरून तिथेच थबकल्या. शेवटी कंडक्टरने हात दिला.

आता पुन्हा ऐकू येतं, की लेन रिकामी दिसते, गर्दीच्या वेळी बाकीच्यांनाही सोडा. लंडनमध्ये सोडतात ना, म्हणे. तिथे बऱ्याच बसलेनमध्ये टॅक्सी, सायकल आणि 2009 पासून मुख्य रस्त्यांवर मोटरसायकलीही चालतात, खरंय. पण तिथली लेन बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या कडेला नुसती रंगवलेली असते, अडकलं तर बाहेर पडता येतं. आपली लेन कठड्यांत बांधलेली, जेमतेम एका बसची. पुढे एक कार बंद पडली की मागच्या सगळ्या बस अडकल्या! शिवाय स्थानकात जायला लोक हीच लेन ओलांडतात. बसचा अंदाज येतो, सुसाट बाइकचा येत नाही.

दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद मार्गावर 2012 मध्ये चाचणी म्हणून बसलेन सगळ्यांना खुली केली होती. 2016 मध्ये तो मार्गच उखडला. आपल्या पुण्यातल्या नगर रस्त्यावरची बीआरटीही गेली. आमची राहिली पाहिजे.

रिकामी दिसते म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, एका बसमध्ये पन्नास-साठ माणसं असतात. बस वाढवा, लेन आपोआप भरेल. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी जरूर जाऊ द्या. बाकीच्यांना अडवायला लेनच्या तोंडाशी वॉर्डन दिवसभर हवा, नुसता सकाळपुरता नको. एक तारा त्यासाठी कापलाय.