नऊ महिने, दोन हेडफोन आणि रिश्टरचा विवाल्डी

विवाल्डी या अठराव्या शतकातल्या इटालियन संगीतकाराचा 'स्प्रिंग' तुम्ही ऐकलेला आहे, नाव माहीत नसलं तरी. कस्टमर केअरला फोन लावला की "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" नंतर जी व्हायोलिनं सुरू होतात ती पुष्कळदा हीच. माझ्या डोक्यात ही चाल अडकलेल्या रिफंडशी कायमची जोडली गेली होती. त्यात लेक व्हायोलिन शिकते. तिनं गेल्या वर्षी तोच मुखडा महिनाभर घरात घासला. म्हणून मॅक्स रिश्टर या आजच्या संगीतकारानं विवाल्डीचे 'फोर सीझन्स' (चार ऋतूंचे चार कॉन्चेर्टो, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या तीन-तीन भागांच्या रचना; 'स्प्रिंग' त्यातला पहिला) नव्यानं लिहिलेत असं कळलं तेव्हा पहिला विचार आला, आता आणखी कशाला? (हा रिश्टर म्हणजे भूकंपवाला नव्हे. जन्म १९६६, जर्मनीतल्या हामेलनचा, वाढला इंग्लंडमध्ये, पुढे फ्लॉरेन्सला लुचानो बेरिओ या संगीतकाराकडे शिकला.)

ते ऐकायला लागून आता नऊ महिने झाले. रोज नाही, पण आठवड्यातून तीनचार वेळा तरी ऐकते. सकाळी फिरताना, भाजी निवडताना, आणि कधी कधी मूळ स्वरलिपी समोर उघडून. ती नेटवर फुकट मिळते.

पहिल्या दिवशी लेक शेजारी बसली होती. 'स्प्रिंग ०' हा सुरुवातीचा पाऊण मिनिटाचा धुक्यासारखा तुकडा संपला, 'स्प्रिंग १' म्हणजे पहिला भाग सुरू झाला, तोही जेमतेम अडीच मिनिटांत आटोपला. ती म्हणाली, "आई, मेन ट्यून आलीच नाही की!" खरंच नाही आली. फोनवर ऐकून ऐकून वीट आलेला तो मुखडा रिश्टरनं चक्क गाळलाय. ठेवलेत ते फक्त पक्षी. मुळात मुखड्यानंतर तीन व्हायोलिनं एकमेकांना साद घालत किलबिलतात ती जागा. रिश्टरनं तेवढीच उचलली, तिची आवर्तनं केली, एकावर एक चढवली आणि खालून खर्जातला बास सरकवत नेला. मुखडा नसलेली बंदिश ऐकल्यासारखं वाटतं, आणि गंमत म्हणजे त्यामुळेच अंतरा पहिल्यांदा नीट ऐकू येतो.

हे काम २०१२चं. डॉइचे ग्रामोफोन या जर्मन रेकॉर्ड कंपनीच्या 'रिकम्पोज्ड' मालिकेत आधी इतरांनी जुन्या रेकॉर्डिंगांवर रीमिक्स केले होते. रिश्टर रेकॉर्डिंगला हात लावायला गेला नाही. त्यानं मूळ स्वरलिपीच उघडली आणि नवी लिहिली. त्याच्याच सांगण्यानुसार विवाल्डीचा सुमारे तीन चतुर्थांश ऐवज बाजूला पडला. लहानपणी हे संगीत त्याला फार आवडायचं, पुढे दुकानांत, जाहिरातींत ऐकून नकोसं झालं आणि परत आवडावं म्हणून हा उद्योग केला, असंही तो सांगतो. म्हणजे आमचं दुखणं एकच. व्हायोलिनवर डॅनियल होप, सोबत बर्लिनच्या कॉन्झर्टहाउसचा चेंबर ऑर्केस्ट्रा, संचालन आंद्रे द रिडर यांचं.

"अभिजात कृतीची मोडतोड" ही तक्रार मी घरातच ऐकली. ती मला पटत नाही, कारण विवाल्डीच्या, म्हणजे बरोक काळात हा रिवाजच होता. विवाल्डीचा 'ओपस ३' हा कॉन्चेर्टोंचा संग्रह १७११ साली अॅमस्टरडॅमला छापून निघाला आणि त्यातल्या कॉन्चेर्टोंवर हात चालवणारा माणूस होता बाख, त्याच काळातला थोर जर्मन संगीतकार. त्यानं ते ऑर्गनसाठी, हार्प्सिकॉर्ड या पियानोआधीच्या पट्टीवाद्यासाठी फिरवून लिहिले. चार व्हायोलिनांचा एक कॉन्चेर्टो तर चार हार्प्सिकॉर्डांवर नेला. तेव्हा बाखला कुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं नाही.

आता नऊ महिन्यांत काय टिकलं आणि काय झिजलं ते सांगते.

सगळ्यात जास्त टिकलं ते 'विंटर १'. विवाल्डीनं थंडीनं कुडकुडणं लिहिलंय, पुढे दातांवर दात आपटणंसुद्धा. रिश्टरनं सुरुवात ओळखीची ठेवली आणि मग ताल सातांचा केला. चार मात्रांचे आठ अर्धे होते, त्यातला एक काढून घेतला. मी बोटांवर मोजत बसले. आपला कान रूपक तालाला सरावलेला, त्याला सात परके नाहीत. पण इथे समेवर स्थिरावायला मिळतच नाही, पुढचं आवर्तन आधीच येऊन धडकतं. निसरड्या फरशीवर पाय सटकल्यासारखं होतं. लेकीला मूळ चाल पाठ, म्हणून ती हमखास चुकते आणि चिडते. मला हा तुकडा अजून शिळा झालेला नाही.

'ऑटम २' मात्र मी चार महिने दुर्लक्षित ठेवलं होतं. मूळ प्रसंग आहे सुगीनंतर दारू पिऊन झोपलेल्या लोकांचा. तंतुवाद्यांचा आवाज दाबलेला आणि हार्प्सिकॉर्ड सुटे सुटे स्वर उलगडत जातो. रिश्टरकडे हार्प्सिकॉर्ड घड्याळाच्या चालीनं एकसारखा चालतो, जुन्या पॉप गाण्यातल्या कीबोर्डसारखा. रात्री भांडी घासून झाल्यावर एकदा दिवे बंद करून ऐकलं, तेव्हा कळलं की तिथे काहीच घडत नाही आणि तेच हवं होतं.

झिजलं ते 'स्प्रिंग १'. त्यात रिश्टरचा दोष कमी, लोकांचा जास्त. मालिका, जाहिराती, लग्नाचे व्हिडिओ, जिथे तिथे तेच अडीच मिनिटं. ज्या औषधानं वीट घालवला त्याचाच आता वीट येतोय. २०१२च्या रेकॉर्डिंगच्या नंतरच्या आवृत्तीला जोडलेले 'शॅडो' तुकडे दोनदा ऐकले आणि यादीतून काढले. पार्श्वभूमीला आवाज हवा तर आमचा पंखा पुरे.

उन्हाळ्याबद्दल एक सांगायचंच आहे. या कॉन्चेर्टोंबरोबर सॉनेट (चौदा ओळींच्या कविता) छापलेली आहेत आणि त्यांच्या ओळी स्वरलिपीत जागोजागी घातल्यात. उन्हाळ्याच्या सॉनेटात शेवटी गारपीट होते आणि उभ्या गव्हाची कणसं मोडतात. ही ओळ वाचेपर्यंत मला तिसरा भाग म्हणजे नुसती जोरकस वाजवणूक वाटायची. गारपिटीनं झोपलेली द्राक्षबाग पाहिलेल्या माणसाला ते वादळ वेगळं ऐकू येतं. १७२५ साली छापलेल्या ओळीनं मला मार्चमधलं नाशिक आठवलं.

कशावर ऐकायचं? फोनच्या स्पीकरवर नको. मूग (Moog) नावाच्या सिंथेसायझरचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचे, खालचे स्वर तिथे गायबच होतात आणि मग वरची आवर्तनं पोकळ वाटतात. माझे जुने हेडफोन तिसऱ्या महिन्यात गेले. नवे थोडे बरे घेतले, तेव्हा 'समर'मधला बास पहिल्यांदा छातीत जाणवला. आधीचे दोन महिने मी अर्धंच ऐकत होते.

दोन रेकॉर्डिंगांतलं कुठलं? २०२२ साली रिश्टरनं हेच सगळं पुन्हा रेकॉर्ड करून आणलं. एलेना युरिऑस्टेचं व्हायोलिन, लंडनचा चिनेके! ऑर्केस्ट्रा, जुन्या पद्धतीची वाद्यं, आतड्याच्या तारा आणि स्वतः रिश्टर जुन्या मूगवर. आतड्याच्या तारांचा आवाज थोडा खरखरीत, गज लागताना ऐकू येणारा. २०१२चं रेकॉर्डिंग पॉलिश केलेल्या लाकडासारखं, हे रंधा न मारलेल्या फळीसारखं. फिरताना मी जुनं लावते. बसून ऐकायचं तर नवं. एकच घ्यायचं असेल तर जुन्यापासून सुरू करा, कारण होपच्या वाजवण्यात एक बेफिकिरी आहे जी युरिऑस्टेच्या नेमकेपणात थोडी हरवते. हे माझं मत, लेकीचं बरोबर उलटं.

आणि एका जागी मी रिश्टरला सोडून परत विवाल्डीकडे गेले. 'विंटर'चा मधला भाग. सॉनेटात माणसं शेकोटीपाशी निवांत बसलीत आणि बाहेर पाऊस पडतोय. तारा बोटांनी छेडून विवाल्डीनं थेंब वाजवलेत आणि वरून व्हायोलिन सावकाश गातं. रिश्टरनं ते थेंब काढले आणि मागे बर्फासारखा गोठलेला, फार वरचा स्वर धरला. सुंदर आहे, पण गार आहे. जुलैत खिडकीवरच्या पत्र्यावर सर येते तेव्हा मी मूळचं लावते. दोनेक मिनिटांचं आहे. चहा उकळेपर्यंत संपतं, मग पुन्हा लावते.