वॉरफरिन की रिव्हारॉक्साबॅन?

एपीएस (अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम) म्हणजे रक्तात उगाच गुठळ्या करणारा ऑटोइम्यून आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते), ल्युपस या तशाच दुसऱ्या आजारासोबत बऱ्याचदा येतो. आमची मावशी त्यासाठी वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) २ ते ३ मध्ये राहायला हवा म्हणून सारखी सुई टोचून घ्यायची, मेथी-पालक जरा जास्त झाली की आकडा खाली, नुसता वैताग. रिव्हारॉक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या गोळीला ही कटकट नाही, ठरलेला डोस घ्या नि कामाला लागा, मग तीच का नको? तर इटलीतली ट्रॅप्स ट्रायल, २०१८ ची, एपीएससाठी रक्तात तपासतात त्या तिन्ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह असलेले १२० पेशंट, त्यात रिव्हारॉक्साबॅनवाल्या ५९ जणांत ४ स्ट्रोक नि ३ हार्ट अटॅक, वॉरफरिनकडे दोन्ही शून्य, ट्रायल मध्येच थांबवली! त्यामुळे तिन्ही पॉझिटिव्ह असतील तर मी तरी वॉरफरिनच म्हणेन, पण डॉक्टरांना विचारूनच हं. प्रेग्नन्सीत मात्र सहसा दोन्ही बंद, तिथे हेपॅरिनची इंजेक्शनं.