‘न सांगता दारू सोडवा’ पावडर: आम्ही वापरली, तुम्ही घेऊ नका

1 स्टार. वहिनीने दादासाठी ऑनलाइन मागवली होती. दादा बारा वर्षं रोज प्यायचा. डब्यावर लिहिलंय पूर्ण नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही, पेशंटला न सांगता जेवणात मिसळा, 21 दिवसांत दारूचा वाससुद्धा नको होईल. घरातलं माणूस रोज पिऊन पडत असलं की हे वाचून किती धीर येतो ते ज्याच्या घरात आहे त्यालाच कळेल, म्हणून वहिनीला कोणी नावं ठेवू नका प्लीज.

आत काय काय घातलंय ते डब्यावर कुठेच नाही. फोन केला तर म्हणे फॉर्म्युला सीक्रेट आहे, कोर्स पूर्ण करा, दुसरा डबा घ्या.

आठ-दहा दिवस दादाला नुसती मळमळ आणि जुलाब, पिणं काही कमी झालं नाही, त्याला वाटलं दारूच भेसळीची येतेय म्हणून त्याने ब्रँड बदलला. मग एक दिवस डबा त्याच्याच हाताला लागला. भांडला पण नाही, फक्त वहिनीच्या हातचं खाणं बंद केलं. आणि त्याच रागात बाटली ओतून दिली, म्हणाला मला कोणाची गरज नाही, माझं मी सोडतो.

आम्हाला आनंद झाला हो, इतकं अज्ञान. संध्याकाळी हात थरथरायला लागले, कप धरवेना, दुसऱ्या दिवशी शर्ट घामाने चिंब, झोप नाही, आणि तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणून झटकत बसला, मला ओळखेना. तसंच उचलून हॉस्पिटलला नेलं.

डॉक्टर म्हणाले वर्षानुवर्षं रोज दारू घेतली की ती मेंदूला मंद करत राहते आणि मेंदू तिच्याविरुद्ध जास्त जोर लावून चालायला शिकतो, दारू एकदम काढली तरी तो जोर तसाच राहतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, साधारण 48 ते 72 तासांत हे भास, त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, माणूस जातो यात. त्यांनी आधी व्हिटॅमिन बी-1 चं इंजेक्शन दिलं, मग बाकीचं सलाईन, आणि औषधं हळूहळू कमी करत आणली. पावडरीत काय होतं विचारलं तेव्हा आमच्याकडे उत्तरच नव्हतं.

दारू सोडवायला खरी औषधं आहेत. डायसल्फिराम घेतलेल्याने दारू प्यायली तर अ‍ॅसिटाल्डिहाइड, म्हणजे दारू पचताना बनणारं विषारी द्रव्य, अंगात साचतं, चेहरा लाल, धडधड, उलट्या, बीपी एकदम खाली, आणि गोळी बंद केल्यावरही 14 दिवसांपर्यंत हे होऊ शकतं. म्हणूनच ती माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात, लपवून कधीच नाही. दादाचं लिव्हर सुजलेलं होतं म्हणून त्याला ती दिली नाही, अ‍ॅकॅम्प्रोसेट ही दारूची ओढ कमी करणारी दुसरी गोळी दिली, त्याला समोर बसवून सगळं समजावून. तो हो म्हणाला. आधी त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

रोज पिणाऱ्याला घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका, आधी डॉक्टर गाठा. पैसे परत मिळाले नाहीत, डबा उघडला म्हणे.

दादाला आता सात महिने झाले. वहिनीशी बोलतो, हसतो, पण ताट अजून स्वतःच वाढून घेतो.