रेडिऑन आरएक्स ६६०० लिनक्सवर: कार्ड झकास, पण एचडीएमआय सांभाळून

लिनक्सवर दोन मॉनिटर लावायचेत आणि ड्रायव्हरची कटकट नकोय, तर एएमडीचं हे २०२१ सालचं ग्राफिक्स कार्ड आजही घेण्यासारखं आहे. ८ जीबी मेमरी, १३२ वॅट, ८ पिनची एकच वायर. ४५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय पुरतो. ड्रायव्हर कुठून उतरवायचा नसतो. 'एएमडीजीपीयू' हा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, वरचं चित्र काढायचं काम मेसा ही लायब्ररी बघते.

तरी 'स्क्रीन १०२४ बाय ७६८ च्या वर जातच नाही' ही तक्रार येतेच. आधी मागे वाकून बघा: केबल मदरबोर्डच्या पोर्टला तर नाही ना? हसू नका, हे फार घडतं. मग टर्मिनलवर 'जीएलएक्सइन्फो -बी' चालवा. रेंडररच्या ओळीत 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं की समजा, कार्ड नुसतं बसलंय आणि चित्र प्रोसेसर काढतोय. बहुतेक वेळा इन्स्टॉल करताना दिलेलं 'नोमोडसेट' (कार्डचा ड्रायव्हर बाजूला ठेवणारा पर्याय) ग्रबच्या, म्हणजे बूट लोडरच्या, फाइलमध्ये राहून गेलेलं असतं. ते काढा, 'अपडेट-ग्रब' करा, रीबूट. तरीही तेच असेल तर 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, फर्मवेअर (कार्डच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) सापडलं नसल्याची ओळ शोधा. डेबियनवर 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स' हे पॅकेज लागतं. डेबियन १२ पासून ते 'नॉन-फ्री-फर्मवेअर' विभागात आहे. डेबियन ११ चं मूळ ५.१० कर्नल ही चिप ओळखतच नाही, तिथे बॅकपोर्ट्समधलं (जुन्या डेबियनसाठी बनवलेल्या नव्या पॅकेजांमधलं) कर्नल घ्या.

कार्ड ओळखलंय पण हवं ते रिझोल्यूशन यादीत नाही, म्हणजे मॉनिटर स्वतःची रिझोल्यूशनं कळवतो ती ईडीआयडी माहिती पोचत नाहीये. केव्हीएम स्विच (एकच मॉनिटर-कीबोर्ड दोन संगणकांना वाटून देणारा) आणि स्वस्त कन्व्हर्टर यात पटाईत. एक्स११ वर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी लिनक्सची जुनी यंत्रणा) 'सीव्हीटी'ने मोड, म्हणजे रिझोल्यूशन आणि हर्ट्‌झची जोडी, बनवून 'एक्सरँडर'च्या 'न्यूमोड' आणि 'ॲडमोड'ने जोडता येतो. इथे एक खाच आहे. १९२० बाय १०८०, ६० हर्ट्‌झसाठी साधं 'सीव्हीटी' १७३ मेगाहर्ट्‌झचा पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवायचा वेग) देतं, आणि जुन्या सिंगल-लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५. साहजिकच मोड नाकारला जातो. तेच 'सीव्हीटी -आर' दिलं की क्लॉक १३८.५० वर येतो आणि चित्र उमटतं.

आता खरी नाराजी. कार्डवर एचडीएमआय २.१ आहे, विंडोजवर ते चालतंही. पण मुक्त (ओपन सोर्स) ड्रायव्हरमध्ये २.१ आणायला एचडीएमआयचं मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ च्या फेब्रुवारीत नकार दिला. त्यामुळे ४के टीव्ही लावलात तर पूर्ण रंगांसह ६० हर्ट्‌झवर समाधान मानायचं, १२० हवे असतील तर रंगांची माहिती कापून. १४४० पी १४४ हर्ट्‌झला अडचण नाही. मॉनिटरसाठी सरळ डिस्प्लेपोर्ट १.४ वापरा, बहुतेक कार्डांवर तीन असतात. स्क्रीन मधूनच काळी होत असेल तर वेग ६० हर्ट्‌झवर आणून बघा. थांबलं तर दोष केबलचा. दोन मीटरपर्यंतची, प्रमाणित केबल घ्या.

४के आणि १०८० पी शेजारी शेजारी ठेवणार असाल तर वेलँडच, म्हणजे एक्स११ च्या जागी आलेली नवी यंत्रणा. एक्स११ वर दोघांना एकच स्केल मिळतं, एकीकडे मुंग्यांएवढी अक्षरं नाहीतर दुसरीकडे पाटीएवढी. केडीई डेस्कटॉपवर २७ इंची ४के ला १५० टक्के आणि २४ इंची १०८० पी ला १०० ठेवा. मात्र जुन्या स्क्रिप्ट तपासा: एक्स११ चा एएमडी ड्रायव्हर पोर्टला 'डिस्प्लेपोर्ट-०' म्हणतो, वेलँडवर तेच 'डीपी-१' होतं.

दोन मॉनिटरचे हर्ट्‌झ वेगळे असले की रिकाम्या वेळीही मेमरी पूर्ण वेगात धावू शकते आणि पंखा उगाच फिरतो. ड्रायव्हरच्या 'पीपी_डीपीएम_एमसीएलके' या फाइलमध्ये मेमरीचे वेग चढत्या क्रमाने असतात; चालू वेगापुढची चांदणी (*) शेवटच्या ओळीवर अडकलेली दिसली की हेच. दोन्ही पडदे एकाच वेगावर आणून बघा, चांदणी सहसा वरच्या, कमी वेगाच्या ओळीवर जाते.