मुक्तस्रोत प्रकल्प कुठे ठेवावा: गिटहब, गिटलॅब की कोडबर्ग?

गिटहब, गिटलॅब आणि कोडबर्ग या प्रकल्पाचा कोड ऑनलाइन ठेवून त्यावर मिळून काम करण्याच्या सेवा आहेत. त्यांतून निवडताना कोडची काळजी सर्वांत कमी करा. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये प्रत्येक क्लोनसोबत (उतरवून घेतलेल्या प्रतीसोबत) सगळा इतिहास येतो, त्यामुळे जागा बदलली तरी कोड काही मिनिटांत हलतो. मागे राहतात ते इश्यू (चुका आणि सूचनांच्या नोंदी), पुल रिक्वेस्टवरच्या (सुचवलेल्या बदलांवरच्या) चर्चा आणि सीआयची, म्हणजे आपोआप चालणाऱ्या चाचण्यांची, मांडणी. अमुक निर्णय का घेतला, हे बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. २०१६ मध्ये गूगल कोड ही गूगलची अशीच सेवा बंद झाली, तशी वेळ कुठल्याही सेवेवर येऊ शकते. म्हणून निवड करताना मी दोनच गोष्टी पाहतो: माणसं कुठे आहेत आणि बाहेर पडणं किती सोपं आहे.

माणसांच्या बाबतीत गिटहबला तोड नाही. बहुतेक प्रोग्रामरांचं तिथे खातं असतंच, त्यामुळे एखादी बारीक चूक दुरुस्त करायला आलेला अनोळखी माणूस नोंदणीच्या पानावरून परत फिरत नाही. नव्या प्रकल्पाला अशीच माणसं हवी असतात. मात्र गिटहब स्वतः मुक्तस्रोत नाही. २०१८ पासून ते मायक्रोसॉफ्टच्या मालकीचं आहे आणि तिथले नियम आपण ठरवत नाही.

गिटलॅबची कम्युनिटी आवृत्ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. लिनक्सवरचे डेस्कटॉप बनवणाऱ्या प्रकल्पांपैकी ग्नोमने २०१८ मध्ये आणि केडीईने २०२० मध्ये हाच मार्ग घेतला. पण त्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारी माणसं आहेत. अपडेट, बॅकअप, स्पॅम हे रोजचं काम आहे. दोघा-तिघांच्या प्रकल्पाने त्यात पडू नये.

कोडबर्ग बर्लिनमधली ना-नफा संस्था चालवते, सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर. त्यामागचं फोर्जेजो हे सॉफ्टवेअरही मुक्त आहे. झिग ही प्रोग्रामिंग भाषा २०२५ च्या अखेरीस गिटहब सोडून तिथेच गेली. वर्दळ कमी आहे आणि जड चाचण्यांसाठी स्वतःचा रनर (चाचण्या चालवणारं यंत्र) लावण्याची तयारी ठेवावी लागते.

नवी लायब्ररी (इतर प्रोग्रामांत वापरायचा तयार कोड) असेल आणि हातभार लावणारे हवे असतील, तर मी गिटहब घेईन आणि कोडबर्गवर मिरर, म्हणजे जुळती प्रत, ठेवीन. वापरकर्त्याचं स्वातंत्र्य हाच प्रकल्पाचा हेतू असेल, तर थेट कोडबर्ग.

जागा कुठलीही असो, रिपॉझिटरी (प्रकल्पाचा कोड आणि त्याचा इतिहास) वैयक्तिक खात्यात ठेवू नका. संस्था-खातं उघडा, किमान दोघांना मालकीहक्क द्या आणि संकेतस्थळासाठी स्वतःचं डोमेन घ्या. देणग्या येऊ लागल्या की पैसा एकाच्या बँक खात्यात जाऊ देऊ नका. सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सीसारख्या संस्था प्रकल्पांच्या वतीने तो सांभाळतात. खुद्द गिट हा प्रकल्पही तिच्याच छत्राखाली आहे.