टाचणी, त्रिकोणी टोक की सपाट कार्ड? पहिल्या कीटकसंग्रहासाठी पद्धतीची निवड

कीटकसंग्रह नव्याने सुरू करणाऱ्याला नमुना थेट टाचणीने टोचावा की कार्डावर चिकटवावा, हे प्रथम ठरवावे लागते. हा निर्णय कीटकाचा आकार आणि पुढे ओळख पटवताना तपासावा लागणारा शरीराचा भाग यांवर घ्यावा. मांडणी किती सुबक दिसते, हा विचार त्यानंतरचा.

मोठ्या आणि कठीण शरीराच्या कीटकांसाठी थेट टोचणे हीच सर्वांत भरवशाची पद्धत आहे, कारण कीटकाला हात न लावता टाचणी धरून तो सर्व बाजूंनी पाहता येतो. मात्र टोचण्याची जागा गटानुसार बदलते: भुंगेऱ्यात उजव्या कठीण पंखाच्या पुढच्या भागातून, माशी आणि गांधीलमाशीत वक्षाच्या मध्यरेषेच्या किंचित उजवीकडून, तर फुलपाखरात आणि पतंगात वक्षाच्या मधोमध. उजवी बाजू निवडण्यामागे साधे कारण आहे. कीटकाच्या दोन्ही बाजू सारख्या असल्याने टाचणीमुळे उजवीकडचे एखादे लक्षण नष्ट झाले, तरी डावीकडे ते शाबूत राहते. कीटकाच्या वर टाचणीचा सुमारे 1 सेंटीमीटर भाग मोकळा ठेवावा, म्हणजे नमुना उचलताना बोटे त्याला लागत नाहीत.

सुमारे 5 मिलिमीटरपेक्षा लहान कीटक टाचणीने फुटतात. त्यांच्यासाठी जाड कागदाचा निमुळता त्रिकोण कापून त्याच्या रुंद बाजूतून टाचणी घालतात आणि किंचित वाकवलेल्या टोकावर कीटकाच्या वक्षाची उजवी बाजू चिकटवतात. यात खालची बाजू बरीचशी उघडी राहते, पण चिकटलेला भाग अगदी थोडा असल्याने धक्का बसताच नमुना निखळू शकतो. सपाट कार्डावर मात्र पाय आणि स्पर्शिका पसरून ठेवता येतात आणि सुरुवातीचे अडखळणारे हातही त्यांना सहसा मोडत नाहीत. ब्रिटनमधील भुंगेऱ्यांच्या संग्राहकांत ही पद्धत जुनी आहे, तर अमेरिकेत त्रिकोणी टोक अधिक रूढ आहे. कार्डाची उणीव गंभीर आहे: पोटाकडची बाजू झाकली जाते आणि अनेक भुंगेऱ्यांची ओळख तिच्याशिवाय पक्की होत नाही. म्हणून पाण्यात विरघळणारा डिंकच वापरावा, म्हणजे गरज पडल्यास नमुना सोडवता येतो.

शिवणकामाची टाचणी आखूड, जाड आणि गंजणारी असते, ती टाळावी. कीटकांसाठीच्या टाचण्या सुमारे 38 ते 40 मिलिमीटर लांब असतात आणि त्यांपैकी 2 किंवा 3 क्रमांकाची टाचणी बहुतेक मध्यम आकाराच्या नमुन्यांना पुरते. काळा थर दिलेली पोलादी टाचणी ताठ असते, पण थर उडाला की गंजते. स्टेनलेस पोलादाची टाचणी थोडी लवचीक असली तरी दमट हवेत तीच टिकते, आणि नवशिक्याने तीच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला नमुना म्हणून मध्यम आकाराचा भुंगेरा घ्यावा. फुलपाखराला पंख पसरण्याची फळी आणि कित्येक दिवसांची वाळवण लागते, शिवाय बोट लागताच पंखांवरचे खवले निघतात. अळ्यांसारखे मऊ जीव यांपैकी कोणत्याही पद्धतीने राखता येत नाहीत, कारण वाळल्यावर ते आक्रसतात. ते 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. पद्धत कोणतीही असो, स्थळ, तारीख आणि संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी त्याच टाचणीवर नमुन्याखाली टोचावी. बाटलीतल्या नमुन्याची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आतच ठेवावी.